तीन मीटरनं बांध ठरत नाही, पण पुरलेला व्हॉल्व्ह सापडतो



या आठवड्यात तिघांचे फोन आले. एक कळंबवरून, एक चासवरून, एक तर पार जुन्नरच्या बाजूनं. तिघांचं म्हणणं एकच. "तुमच्याकडं ते हातातलं जीपीएस आहे, लॅपटॉपला जोडून नकाशा काढता असं ऐकलं. जरा येऊन आमचा बांध बघून द्या. शेजाऱ्यानं कोरलाय."

तिघांनाही मी नाही म्हणालो. एकाला राग आला. "फुकट नको, पैसे देतो की," म्हणाला. प्रश्न पैशाचा नाही. याच यंत्रानं मी स्वतःच्या चुलत भावाशी आठ महिने अबोला धरून बसलो होतो. त्यामुळं म्हणलं एकदा सगळं लिहूनच काढावं. यंत्र लॅपटॉपला कसं जोडायचं तेही सांगतो, कारण ते शिकण्यासारखं आहे आणि प्रत्येकानं शिकावं असं माझं मत आहे. पण कुठल्या कामाला वापरायचं आणि कुठल्या कामाला हात लावायचा नाही, हे आधी कळलं पाहिजे. मला ते नंतर कळलं.

यंत्र म्हणजे जुनं पिवळं गार्मिन ईट्रेक्स. माझा भाचा सर्व्हेच्या कामावर वापरायचा. त्याला नवीन मिळालं, जुनं मला दिलं. लॅपटॉप मुलीचा, तिच्या कॉलेजचा. नकाशाचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, ते फुकट आहे, कुणालाही उतरवून घेता येतं.

आधी भांडणाचं सांगतो

आमचं नदीच्या अंगाचं एक वावर आहे. सातबाऱ्यावर ५० आर. पलीकडं थोरल्या चुलत भावाचं, त्यांना आम्ही दादा म्हणतो. मधला बांध साधारण सत्तर मीटर लांब. एका टोकाला हद्दीचा दगड आहे, तो माझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी मिळून लावलेला.

यंत्र नवीन नवीन आलं तेव्हा मी हौसेनं वावराला फेरी मारली, लॅपटॉपवर घेतली, आणि गटाच्या नकाशाच्या झेरॉक्सचा मोबाईलवर फोटो काढून तो खाली बसवला. पडद्यावर दिसलं काय, तर दादांचा बांध माझ्या वावरात तीनेक मीटर आत आलेला. हिशोब केला. दोन गुंठे.

दोन गुंठे म्हणजे आजच्या भावानं किती होतात ते तुम्हाला सांगायला नको. मी तसाच लॅपटॉप उचलला आणि दादांच्या ओट्यावर जाऊन उघडून दाखवला. म्हणालो, "दादा, हे बघा, सॅटेलाइटनं सांगितलंय."

दादांनी पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "तुझ्या बापानं आणि माझ्या बापानं तो दगड लावलाय. तुझा कॉम्प्युटर त्या दोघांपेक्षा शहाणा आहे का?"

मी म्हणालो, "शहाणाच आहे."

झालं. बोलणं बंद. विहीर एक, नदीवरची पाइपलाइन एक, मोटारीची पाळी एक, आणि दोघं एकमेकांकडं न बघता पाळी बदलायचो. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला पंगतीत वाढायला उभं राहायचं काम माझं. मी पाहुण्यासारखा बसून जेवलो आणि घरी आलो. ते अजून मनातून जात नाही.

तीन मीटरचं गणित

आता हे गणित नीट बघा. मी ते भांडणाआधी केलं असतं तर ही वेळ आली नसती.

वर आकाशात, २० हजार किलोमीटरच्या वर, जीपीएसचे उपग्रह फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतो. आपल्या हातातलं यंत्र फक्त ऐकतं. चार उपग्रह ऐकू आले की हिशोब करून आपली जागा काढतं. ते वर काही पाठवत नाही. "हे लावलं की सरकारला कळतं का?" असं एकानं मला विचारलं होतं, म्हणून सांगतो. आपल्या जवळच खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत, त्या पण आकाशातलं ऐकतातच. आपलं यंत्र म्हणजे त्यांचं लांबचं, गरीब भावंड समजा.

हा सगळा खेळ वेळेचा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटरनं चुकते. वातावरणातून येताना लहर थोडी रेंगाळते, विहिरीच्या कठड्यावरून नाहीतर पत्र्याच्या शेडवरून आपटून येते, उसात उभं राहिलं तर पाल्यात अडते. म्हणून आपल्या हातातल्या साध्या यंत्राची चूक मोकळ्या रानात साधारण तीन ते पाच मीटर धरायची. २ मे २००० च्या आधी तर अमेरिका मुद्दाम चूक मिसळायची, तेव्हा हीच चूक पार शंभर मीटरपर्यंत जायची. ते बंद झालं म्हणून आज आपण याला शेतात आणू शकतो.

आता तीन मीटर चूक आणि सत्तर मीटर बांध. गुणा. २१० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१ चौरस मीटरच्या थोडं वर. २१० भागिले १०१. दोन गुंठे!

म्हणजे दादांनी चोरलेले म्हणून मी ज्या दोन गुंठ्यांसाठी भांडलो, ते दोन गुंठे यंत्राच्या चुकीत होते. ते कुणीच चोरले नव्हते.

अजून एक. मी त्या वावराला तीनदा फेरी मारली होती. एकदा ४८ गुंठे आले, एकदा ५१, एकदा साडेएकोणपन्नास. मी कुठला आकडा धरला? जो माझ्या भांडणाला सोयीचा होता तो. एकाच वावराचे तीन आकडे आले तिथंच थांबायला हवं होतं. आणि सातबाऱ्यावरचे ५० आर म्हणजे ५० गुंठे नव्हेत. आर म्हणजे १०० चौरस मीटर. ५० आरचे गुंठे होतात ४९.४. आपण बोलताना आर आणि गुंठा एकच धरतो, तिथंच अर्धा गुंठा 'गायब' होतो.

जोडायचं कसं

आता कामाचं. जुनं यंत्र असेल तर हीच गत होणार, म्हणून क्रमानं लिहितो.

१. केबल. जुन्या ईट्रेक्सची केबल एका बाजूनं चपटी, दुसऱ्या बाजूनं नऊ पिनांची. आताच्या लॅपटॉपला नऊ पिनांचं भोकच नसतं. मग मधे यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. अगदी स्वस्तातला घेऊ नका. पहिला मी तसाच घेतला, त्यातली चिप बनावट निघाली, लॅपटॉपनं ओळखलाच नाही. दोन दिवस मी यंत्राला शिव्या देत बसलो.

२. पोर्ट. कन्व्हर्टर लावला की लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स म्हणून यादी असते, तिथं कॉम ३, कॉम ५ असा नंबर येतो. तो वहीत लिहा. कन्व्हर्टर दुसऱ्या भोकात लावला की नंबर बदलू शकतो. म्हणून रोज एकाच भोकात लावा.

३. यंत्राची भाषा. यंत्राच्या सेटअपमध्ये इंटरफेस असं असतं. तिथं दोन भाषा महत्त्वाच्या. एक 'गार्मिन', एक 'एनएमईए'. यंत्रात साठवलेले पॉइंट आणि ट्रॅक लॅपटॉपवर उतरवायचे असतील तर गार्मिन. लॅपटॉपवर आपण चालतोय तसा ठिपका जिवंत दिसायला पाहिजे असेल तर एनएमईए. निम्म्या लोकांचं इथंच अडतं. केबल बरोबर, पोर्ट बरोबर, पण एक मराठीत बोलतोय आणि दुसरा कानडीत ऐकतोय.

४. वेग. एनएमईएला ठरलेला वेग ४८००. लॅपटॉपवर ९६०० ठेवला तर 'जोडलं' असं दिसतं पण येत काहीच नाही, नाहीतर कचरा येतो. दोन्हीकडं ४८०० करा.

५. एका वेळी एकच. एक पोर्ट एकाच प्रोग्रामला मिळतो. मागं दुसरं सॉफ्टवेअर उघडं राहिलं असेल तर क्यूजीआयएस जोडणार नाही. ते बंद करा.

६. पॉइंट उतरवायला जीपीएसबॅबेल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते यंत्रातले पॉइंट काढून जीपीएक्स फाइल करून देतं. ती फाइल ओढून क्यूजीआयएसमध्ये टाकली की झालं. जिवंत ठिपका पाहिजे असेल तर क्यूजीआयएसच्या व्ह्यूमध्ये पॅनल, त्यात जीपीएस इन्फर्मेशन, तिथं पोर्ट निवडून कनेक्ट.

नवीन यंत्र असेल तर निम्मी कटकट नाही. यूएसबी लावली की पेन ड्राइव्हसारखं उघडतं आणि आत जीपीएक्स फाइल तयार असते.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, आकडे वहीत लिहून घेऊ आणि लॅपटॉपवर टाकू. मी तेही केलं. यंत्र पडद्यावर १९ अंश ०३.००० मिनिटं असं दाखवतं. मी वहीतून लॅपटॉपवर टाकलं १९.०३. चुकलं! ६० मिनिटांचा एक अंश. तीन मिनिटं म्हणजे ०.०५ अंश. बरोबर आकडा १९.०५. एवढ्याशा चुकीनं माझी विहीर दक्षिणेला सव्वादोन किलोमीटरवर जाऊन बसली. केबलनं उतरवलं की ही चूक होत नाही. म्हणून केबल.

लॅपटॉप शहाणा दिसतो, तिथं सावध

जोडून झालं की खरे खड्डे पुढं आहेत. मी ज्या तीन खड्ड्यांत पडलो ते सांगतो.

पहिला, यंत्राचा डेटम. यंत्रात जगाचे बरेच मापाचे पाये दिलेले असतात, त्यात 'इंडियन' नावाचेही असतात. आपण भारतीय म्हणून मी तो लावला! आपल्या देशाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० सालच्या मापावर होते हे खरं, पण जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ वर. चुकीचा डेटम लावला की ठिपका बांध सोडून शेजारचं वावर ओलांडून जातो. यंत्रावर कायम डब्ल्यूजीएस ८४ ठेवा.

दुसरा, क्षेत्र. अक्षांश-रेखांशातच सूत्र लावून क्षेत्र काढलं तर आकडा येतो ०.०००००० आणि पुढं काहीतरी. ते चौरस अंश असतात. आपला भाग यूटीएम झोन ४३ उत्तर मध्ये येतो, क्यूजीआयएसमध्ये त्याचा नंबर ३२६४३. त्यात बदलून घेतलं की माप मीटरमध्ये येतं.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल, कारण त्यात पडल्याचं कळतच नाही. गटाचा नकाशा जमिनीवर बसवताना मी तीन पॉइंट दिले होते. विहीर, रस्त्याची मोरी, हद्दीचा दगड. लॅपटॉपनं चूक दाखवली शून्य. मला वाटलं, वा, किती अचूक! भाच्यानं नंतर सांगितलं, "मामा, तीनच खुंट्या असल्या की कापड कसंही ताणून बसतंच. चूक शून्यच दाखवणार. चौथी, पाचवी, सहावी खुंटी मारा, मग कळेल कापड किती वाकडं आहे." सहा पॉइंट दिले तर चूक आली चार मीटरच्या पुढं. झेरॉक्स ताणलेली, मोबाईलचा फोटो तिरका, आणि वर यंत्राची तीन मीटर. अशा नकाशावर मी भावाला चोर ठरवलं.

पडद्यावरची रेघ केसासारखी बारीक दिसते. म्हणून ती खरी वाटते. ती रेघ जमिनीवर सहा मीटर रुंदीच्या पट्ट्यासारखी समजा. त्या पट्ट्यात बांध कुठंही असू शकतो.

मोजणी झाली त्या दिवशी

शेवटी मीच रीतसर मोजणीचा अर्ज केला. मोजणीच्या दिवशी आम्ही दोघं दोन टोकांना उभे. काठीवर बसवलेलं रोव्हर घेऊन साहेब आले. ते पण उपग्रहच ऐकतं, मग फरक काय, असं मी विचारलं. फरक असा, की भारतीय सर्वेक्षण विभागानं राज्यात कॉर्स म्हणून कायमची स्टेशनं बसवलीत. त्यांची जागा पक्की माहीत आहे. त्यामुळं त्या घडीला उपग्रहाच्या मापात किती चूक आहे ते त्यांना कळतं, आणि ती दुरुस्ती रोव्हरला जागेवर मिळते. म्हणून रोव्हर दोन-चार सेंटिमीटरचं बोलतं, आणि माझं ईट्रेक्स दोन-चार मीटरचं. दोन्ही जीपीएसच, पण सोनाराचा काटा आणि कांद्याचा काटा यात जेवढा फरक तेवढा.

निकाल काय आला? दगड जागेवर. बांध मध्यभागी फूटभर सरकलेला. तोही दादांच्या अंगाला. म्हणजे नांगराची तास कुणाची चुकत होती? माझी.

साहेब जाताना एकच वाक्य बोलले. "काका, तुमच्या हातातलं यंत्र वाट शोधायला आहे, हद्द शोधायला नाही."

दादा काही बोलले नाहीत. मीच बांध सरळ करून दिला. बोलणं मात्र लगेच सुरू झालं नाही. मोजणीनं बांध मिटतो, मन मिटायला वेळ लागतो.

मग ते कामाला आलं कुठं

पुढच्या मे महिन्यात. नदीवरची आमची लाइन दोघांची. दादांचा टोमॅटो ऐन तोड्यावर आणि पाणी चढेना. खाली कुठंतरी व्हॉल्व्ह अडकला होता. पण व्हॉल्व्ह कुठं? चेंबर केव्हाच मातीखाली गेलेलं. ऊस लावला, खोडवा ठेवला, परत नांगरलं, खुणेचा दगड कुणी उचलला ते माहीत नाही. लाइन कुठून कशी गेली हे वडिलांना पाठ होतं. ते गेले आणि लाइनचा नकाशा त्यांच्याबरोबर गेला.

आदल्या वेळी असाच व्हॉल्व्ह शोधायला जेसीबी लावून दीडशे फूट चर मारला होता. व्हॉल्व्ह सापडला नाही, जेसीबीच्या दातानं लाइन मात्र दोन ठिकाणी फुटली. ती दुरुस्त करताना चर उघडी होती, आणि बांधाचं खूळ डोक्यात शिरण्याआधी मी हौस म्हणून प्रत्येक वळणाचा, प्रत्येक व्हॉल्व्हचा पॉइंट यंत्रात घेतला होता. ते लॅपटॉपवर पडून होते. विसरलोच होतो.

मुलीनं आठवण केली. रात्री केबल लावली, पॉइंट यंत्रात परत चढवला, सकाळी बाण दाखवेल तसा गेलो. यंत्र म्हणालं, इथं. मी तिथं उभा राहून तीन मीटर दोरीनं फक्कीचा गोल मारला. म्हणलं, व्हॉल्व्ह या गोलात आहे, गोलाबाहेर खोदायचं नाही. पहारीनं टोचत गेलो. तासाभरात पहार ठणकली.

दादा शेजारीच उभे होते. म्हणाले, "हे यंत्र आधी हेच काम करायला का नाही काढलंस?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पण त्या दिवशी दुपारी त्यांच्याकडं जेवलो.

तेच यंत्र, तीच तीन मीटरची चूक. बांधावर तीच चूक घर फोडते आणि व्हॉल्व्हवर तीच चूक दीडशे फुटांची चर वाचवते.

माझं मत

आता मुद्द्याचं. आपल्या भागात सध्या दोन टोकाचे लोक दिसतात. एक म्हणतात, सॅटेलाइटनं सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य. दुसरे म्हणतात, ही पोरांची खेळणी, शेतात काय कामाची. मी दोन्ही होऊन बसलोय, म्हणून सांगतो, दोन्ही चूक. कुठल्याही मापाला पहिला प्रश्न एकच विचारायचा, 'तुझी चूक किती?' आणि दुसरा, 'माझ्या कामाला तेवढी चूक चालेल का?'

चालेल अशी कामं भरपूर आहेत. पाइपलाइनची वळणं आणि व्हॉल्व्ह. बोअर कुठं मारलं, कुठलं कोरडं गेलं. ठिबकच्या मेन लाइनला पाइप किती लागेल याचा अंदाज. वावरात कुठं पाणी साचतं, कुठं चोपण आहे. बिबट्याचे ठसे कुठं दिसले. मातीचा नमुना कुठून घेतला.

मातीचा विषय निघाला म्हणून कृषी पदवीधर आणि सल्लागार मंडळींना हात जोडून एक विनंती. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ ला आली. त्यात बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक असा नमुना धरलेला आहे. म्हणजे माझ्या पत्रिकेवरची माती शेजाऱ्याच्या वावरातलीही असू शकते. योजनेचा हिशोब मोठ्या क्षेत्राचा आहे, ते ठीक. पण तुम्ही खासगीत आमच्या वावरातून नमुना घेता, तेव्हा अहवालावर त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहा. तीन वर्षांनी परत त्याच जागेवरून घेतला तरच सेंद्रिय कर्ब वाढला का घटला ते कळणार. एकदा वरच्या टोकाचा आणि एकदा खालच्या टोकाचा नमुना घेऊन तुलना केली तर ते दोन वावरांची तुलना केल्यासारखंच आहे. तीन मीटरची चूक इथं अजिबात नडत नाही.

दुसरी विनंती पाइपलाइन आणि ठिबकवाल्यांना. चर बुजवायच्या आधी पॉइंट घ्या आणि शेतकऱ्याला जीपीएक्स फाइल द्या. कागदावर काढलेलं चित्र नको, फाइल द्या. चित्र दोन पावसाळ्यांत जातं. आणि शेतकरी मित्रांनो, तुम्ही पण ही फाइल मागितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांना. नकाशा आपल्याकडं ठेवा. आता ई-पीक पाहणीत पिकाच्या फोटोबरोबर जागा जाते, मोजणी रोव्हरनं होते, ड्रोननं गावठाणं मोजली. सगळीकडं आपल्या जमिनीचे अक्षांश-रेखांश आहेत, फक्त आपल्या घरात नाहीत. फेब्रुवारी २०२१ पासून केंद्राच्या नव्या धोरणानं नकाशे करायला आधीसारखी परवानगी काढत बसावं लागत नाही. मग आपल्या वावराचा आपला नकाशा आपण का करू नये? यंत्र नसेल तर विकत घेऊ नका. मोबाईलमध्ये जीपीएस आहेच, जीपीएक्स फाइल बाहेर काढून देणारं एखादं ॲप घ्या. बहुतेक कामाला ते पुरतं. माझं ईट्रेक्स मला आवडतं ते एवढ्यासाठी की उन्हात पडदा दिसतो, दोन साधे सेल टाकले की चालतं, आणि पाऊस लागला तरी रुसत नाही. पण फाइल दोन ठिकाणी ठेवा. ॲप बंद पडलं, मोबाईल विहिरीत पडला, तरी फाइल राहिली पाहिजे.

पॉइंट घेताना एवढं पाळा. मोकळ्या जागेत उभे राहा, उसात नको, शेडला चिकटून नको. यंत्र चालू केल्यावर लगेच पॉइंट घेऊ नका, दोन-चार मिनिटं थांबा. कोपऱ्यावर उभं राहून पॉइंट घ्या, नुसती फेरी मारून कोपरे खरे येत नाहीत. महत्त्वाचा पॉइंट दोन वेगळ्या दिवशी घ्या. दोन्हीत किती अंतर पडलं ते बघा. तीच तुमच्या यंत्राची खरी चूक, दुकानदार सांगतो ती नव्हे.

आणि पॉइंटला नाव देताना असं द्या की आपल्या मागं पोरांना कळेल. माझ्या यंत्रात आधी 'पॉइंट १७' म्हणजे काय ते मलाच आठवत नव्हतं. आता मुलीनं सगळ्यांना नावं दिलीत, एक कागदावर छापून कपाटात ठेवलाय, एक प्रत दादांच्या घरी दिलीय. लाइन दोघांची आहे, नकाशा पण दोघांचा.

तर मंडळी, बांधासाठी मला फोन करू नका. बांधाला रीतसर मोजणी आहे, आणि त्याआधी समोरासमोर बसून चहा आहे. व्हॉल्व्ह हरवला असेल, बोअरचा पॉइंट घ्यायचा असेल, केबल लावूनही लॅपटॉपवर काही येत नसेल, तर जरूर करा. कांद्याची काढणी चालू नसेल तर येतो.